कागद नसलेल्या सगळ्यांना अमेरिकेतून एकदम बाहेर काढता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर बारा वर्षं न्यू जर्सीत आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे, आजवर एकही नियम मोडलेला नाही. मुलगी सतरा वर्षांची आहे. मग बेकायदा आलेल्या कोटभर लोकांना सरकार सरसकट परत का पाठवत नाही? 1954 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने काही महिन्यांत दहा लाख लोक परत पाठवले होते. तेव्हा जमलं, आता काय अडलंय?"

मी इथे बावीस वर्षं इमिग्रेशनची वकिली करते. तुमच्यासारखे रांगेतले लोक माझ्याकडे येतात आणि ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारताय तेही येतात. कित्येकदा एकाच सकाळी, बाहेरच्या त्याच चार खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसतात. तुमचा राग मला समजतो आणि तो खोटा नाही. पण 1954 चा दाखला मात्र खरा नाही. तो का खरा नाही हे कळलं की बाकीचा वाद बराच उलगडतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

त्या मोहिमेचं सरकारी नाव 'ऑपरेशन वेटबॅक'. नावातच मेक्सिकन मजुरांना दिली जाणारी शिवी होती: रिओ ग्रांदे नदी पोहून आलेला, पाठ ओली असलेला माणूस. मोहिमेचे प्रमुख होते जनरल जोसेफ स्विंग, लष्करातून निवृत्त होऊन इमिग्रेशन खात्याचे आयुक्त झालेले. 17 जून 1954 ला कॅलिफोर्नियात धरपकड सुरू झाली, पुढे ती टेक्सासमध्ये गेली. हाताशी माणसं होती हजाराच्या आसपास. खात्याने नंतर दहा लाखांच्या वरचा आकडा जाहीर केला आणि सत्तर वर्षं तोच भाषणांतून फिरतो आहे.

आता हिशेब बघा. त्या काळी अमेरिकन सरकारचं आर्थिक वर्ष 30 जूनला संपायचं. 1954 च्या वर्षात दहा लाखांच्या वर माणसं पकडली असं जे दाखवतात, त्यातली जवळजवळ सगळी मोहीम सुरू होण्याआधीच्या साडेअकरा महिन्यांत पकडलेली आहेत. मोहिमेच्या वाट्याला त्या वर्षाचे दोन आठवडे येतात. शिवाय तो आकडा माणसांचा नाहीच, पकडण्याचा आहे. एकच माणूस तीनदा नदी ओलांडून तीनदा सापडला की तीन धरायचे. 'घाबरून आपणहून निघून गेले' म्हणून जे लाखो सांगितले गेले, ते तर कुणी मोजलेच नव्हते.

आणि खरी गोम वेगळीच आहे. 1942 पासून मेक्सिकोशी करार करून शेतमजूर कायदेशीरपणे आणण्याची 'ब्रासेरो' योजना चालू होती. 1953 मध्ये तिच्याखाली सुमारे 2 लाख करार झाले होते, 1956 मध्ये झाले 4 लाख 45 हजार. म्हणजे एका दाराने हाकललेला मजूर दुसऱ्या दाराने करारपत्र देऊन आत घेतला गेला. त्याआधीच्या काही वर्षांत तर पकडलेल्या मजुराला सीमेवर न्यायचं, पलीकडे पाऊल टाकायला लावायचं आणि तिथल्या तिथे ब्रासेरो म्हणून नोंदवून त्याच शेतमालकाकडे परत पाठवायचं, असंही सर्रास चालायचं. 'ओल्यांना वाळवणं' म्हणायचे त्याला. बेकायदा मजूर कमी दिसू लागले ते मुख्यतः यामुळे. गोळी काय होती आणि गुण कशाचा आला, ते आपण उलटं लक्षात ठेवलंय.

त्याची किंमत मात्र माणसांनी मोजली. 1955 च्या उन्हाळ्यात सीमेपलीकडच्या मेक्सिकाली शहराच्या बाजूला 112 अंश फॅरेनहाइटच्या उन्हात आणून सोडलेल्यांपैकी 88 जण उष्माघाताने गेल्याची नोंद आहे. टेक्सासच्या पोर्ट इसाबेलहून मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझला जहाजांनी माणसं नेत असत. 1956 मध्ये 'मर्क्युरिओ' जहाजावर बंड झालं, उड्या टाकलेल्यांपैकी काही बुडाले, तेव्हा कुठे जहाजं थांबली.

याच्याही मागे, महामंदीच्या काळात गेलं की चित्र आणखी अस्वस्थ करणारं आहे. 26 फेब्रुवारी 1931 ला लॉस एंजेलिसमधल्या 'ला प्लासिता' चौकात अधिकाऱ्यांनी चारी बाजूंनी रस्ते बंद केले आणि बाकड्यांवर बसलेल्या चारेकशे लोकांना तासभर अडवून कागद मागितले. प्रत्यक्ष अटक मोजक्यांनाच झाली. पण बातमी मेक्सिकन वस्त्यांत पसरली आणि हेतूही तोच होता. नंतर काउंटीच्या मदत कार्यालयांनी रेल्वेची तिकिटं काढून कुटुंबंच्या कुटुंबं पाठवायला सुरुवात केली: इथे सरकारी मदत मिळणार नाही, तिकडे जायचं भाडं मिळेल. त्या दशकात किती माणसं गेली याचे अंदाज 3 लाखांपासून 20 लाखांपर्यंत आहेत. रीतसर हद्दपारीचे हुकूम लाखाच्या आतच निघाले होते. बाकीचे 'आपल्या मर्जीने' गेले. गेलेल्यांत मोठा भाग इथेच जन्मलेल्या, म्हणजे जन्माने अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांचा होता. 2005 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून त्याबद्दल माफी मागितली. शाळेतून नाव काढून रेल्वेत बसवलेलं पोर तेव्हा ऐंशीच्या घरात गेलं होतं.

आणि मुळाशी जायचं तर 1892. कॅलिफोर्नियाचे काँग्रेसमन थॉमस गिअरी यांच्या कायद्याने प्रत्येक चिनी कामगाराला वर्षभरात रहिवासाचा दाखला घेणं सक्तीचं केलं. दाखला नसला तर हद्दपारी. मुदतीत दाखला का काढता आला नाही आणि आपण आधीपासून इथेच राहतो, हे सिद्ध करायला किमान एक 'विश्वासार्ह गोरा साक्षीदार' हवा, असं कायद्यातच लिहिलं होतं. चिनी समाजाने एकजुटीने नोंदणी नाकारली आणि खटला सुप्रीम कोर्टात नेला. 1893 च्या 'फाँग यू टिंग' निकालात ते हरले. हद्दपारी ही शिक्षा नव्हे, असं कोर्ट म्हणालं. आज माझ्या अशिलाला सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, त्याच्यासाठी ज्युरी बसत नाही, त्याचं मूळ या एका वाक्यात आहे. पण गंमत अशी झाली की खटला जिंकूनही सरकारला त्या हजारो लोकांना हाकलता आलं नाही. काँग्रेसने तेवढे पैसेच मंजूर केले नव्हते. शेवटी नोंदणीची मुदत सहा महिन्यांनी वाढवून वेळ निभावली.

यातून मला जे दिसतं ते सांगते. गर्दीला घाबरवून पळवता येतं, पण सुनावणी एकेकाचीच घ्यावी लागते. दर वेळी मोठा आकडा गाठला गेला तो सुनावणी टाळून, आणि सुनावणी टाळली की नागरिकही त्याच जाळ्यात सापडतात. कारण समोरचा माणूस बेकायदा आहे की नाही, हे ठरवायची जागा सुनावणी हीच असते.

'कायदेशीर नाहीत ना, मग कसली सुनावणी?' हे मला जवळजवळ रोज ऐकावं लागतं. पाचव्या घटनादुरुस्तीत 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' हा आहे. 1903 च्या यामाताया खटल्यापासून सुप्रीम कोर्ट म्हणत आलंय की देशात शिरलेल्या माणसाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय हद्दपार करता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये, शत्रुदेशाच्या नागरिकांविरुद्धचा 1798 चा 'एलियन एनिमीज अॅक्ट' वापरून व्हेनेझुएलाच्या लोकांना एल साल्वादोरच्या तुरुंगात पाठवल्याचा वाद कोर्टापुढे आला. तेव्हाही कोर्टाने हेच सांगितलं: आधी नोटीस द्या, दाद मागायला वेळ द्या.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून एक केस सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत. काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एक मावशी आल्या. साठीच्या, कपाळावर बारीक टिकली, थंडीमुळे साडीवर पुरुषी जाकीट. 2006 मध्ये मुलीच्या बाळंतपणाला व्हिजिटर व्हिसावर आल्या होत्या. सहा महिने संपले, तिकडे यजमान गेले, पाठोपाठ घर दिरांकडे गेलं, आणि या इथेच राहिल्या. पंधरा वर्षं त्यांच्या पोळ्या आणि पुरणपोळ्या एडिसनमधल्या कितीतरी मराठी घरांत जात होत्या. त्यांनी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला जुना पासपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. मी पानं उलटली. एका पानाला गंजलेल्या पिनेने अजून ते छोटं पांढरं कार्ड लावलेलं होतं, आय-94, म्हणजे रीतसर प्रवेश झाल्याची नोंद. विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा शिक्का पुसट झाला होता, पण वाचता येत होता. मी ते कार्ड तसंच बोटाने दाबून धरलं आणि त्यांना विचारलं, "मुलगी सिटिझन झाली का?" झाली होती.

त्या एका कार्डावर मावशींना ग्रीन कार्ड मिळालं. तपासणी होऊन रीतसर आत आलेल्या आईसाठी एकवीस वर्षांवरच्या नागरिक मुलीने अर्ज केला, तर मुदत उलटून गेलेली असली तरी इथे राहूनच ग्रीन कार्ड मिळू शकतं. त्याच दिवशी बाहेरच्या खुर्चीवर ग्वाटेमालाचा एक छपराची कामं करणारा माणूस बसला होता. तोही पंधरा वर्षं इथेच, बायको नागरिक, दोन मुलं नागरिक, पोलिसांत एकही नोंद नाही. पण तो वाळवंटातून चालत आला होता, त्यामुळे शिक्काच नव्हता. त्याला आधी देश सोडावा लागणार, आणि सोडला की 1996 च्या कायद्याप्रमाणे दहा वर्षं परतीची बंदी. ती माफ करून घ्यायचा अर्ज वेगळा आणि त्याची वर्षानुवर्षांची वाट वेगळी. 'इल्लिगल' या एका शब्दात तुम्ही या दोघांनाही बसवता. मावशींना तर तुम्ही कदाचित ओळखतही असाल, फक्त त्या या शब्दात बसतात हे तुमच्या मनात कधी आलं नसेल. देशातल्या कागद नसलेल्यांत असे व्हिसाची मुदत उलटून राहिलेले बरेच आहेत, सगळेच भिंत ओलांडून आलेले नाहीत.

आता कोर्टाचं गणित. गृहसुरक्षा खात्याचा 2022 सालचा अंदाज 1 कोटी 10 लाख लोकांचा होता. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेने 2023 साठी 1 कोटी 40 लाखांचा अंदाज दिला. इमिग्रेशन कोर्टांत 2025 च्या सुरुवातीला 35 लाखांहून जास्त खटले पडून होते आणि न्यायाधीश सातशेच्या आसपास. म्हणजे एकेका न्यायाधीशापुढे पाच हजार फायली. दिवसाला चार प्रकरणं निकालात काढली आणि नवं एकही आलं नाही, तरी पाच वर्षं लागतील. हे न्यायाधीश न्यायालयीन शाखेचे नसून न्याय खात्याचे नोकर आहेत, हेही लक्षात असू द्या. ओबामांच्या काळात 2012 आणि 2013 मध्ये वर्षाला 4 लाखांच्या वर हद्दपाऱ्या झाल्या. त्यांच्याच बाजूच्या लोकांनी त्यांना 'डिपोर्टर-इन-चीफ' म्हटलं. त्या वेगाने 1 कोटी 10 लाखांना पाठवायला सत्तावीस वर्षं लागतात.

2025 मध्ये काँग्रेसने सीमा आणि इमिग्रेशनच्या अंमलबजावणीसाठी सुमारे 17,000 कोटी डॉलर मंजूर केले, त्यातले 4,500 कोटी नुसत्या कोठड्यांसाठी. इतका पैसा या कामाला याआधी कधीच मिळाला नव्हता. 1893 ची पैशाची अडचण या वेळी नाही. पण सुनावणीची अडचण आहे तिथेच आहे, आणि म्हणून नव्या उपायांचा रोख बहुतेक तिच्याभोवतीच आहे. न्यायाधीशापुढे न नेता परत पाठवण्याची 'एक्स्पिडाइटेड रिमूव्हल' पद्धत पूर्वी सीमेजवळ वापरायचे, ती देशभर लागू करायचा प्रयत्न झाला आणि कोर्टकज्ज्यात अडकला. तारखेला हजर झालेल्या माणसाचा खटला सरकारी वकिलानेच मागे घ्यायचा आणि दाराबाहेर पडताच त्याला ताब्यात घ्यायचं, हेही झालं. तेव्हापासून मला अशील विचारतात, "तारखेला जाऊ की नको?" जायलाच हवं, न जाणं म्हणजे गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम. बावीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर देताना माझा आवाज कधी अडखळला नव्हता, आता अडखळतो. आणि 2025 मध्ये योजना निघाली: 'सीबीपी होम' या सरकारी अॅपवर नाव नोंदवून आपणहून गेलात तर 1,000 डॉलर आणि तिकीट! 1931 च्या रेल्वे तिकिटाची आठवण मला उगाच आली नाही.

दुसरी बाजू मी हलकी मानत नाही. कृष्णवर्णीय माजी काँग्रेस सदस्य बार्बरा जॉर्डन 1990 च्या दशकात इमिग्रेशन सुधारणा आयोगाच्या अध्यक्ष होत्या. ज्यांना राहायचा हक्क नाही त्यांनी जायलाच हवं, नाहीतर कायद्याला अर्थ उरत नाही, असं त्यांनी स्वच्छ मांडलं होतं. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ 1970 च्या दशकात संप फोडायला आणलेल्या कागद नसलेल्या मजुरांविरुद्ध इमिग्रेशन खात्याकडे तक्रारी करत. हे वंशद्वेष्टे लोक नव्हते. सर्वांत कमी मजुरीवर राबणाऱ्याच्या बाजूने ते बोलत होते. 1986 मध्ये रेगननी सुमारे 27 लाख लोकांना कागद दिले. बदल्यात मालकांवर कारवाई होईल, असं वचन होतं. ती कारवाई नावापुरती राहिली, कारण कागद खरा 'दिसला' की मालक सुटतो. लोक फसवले गेले, आणि 'आधी अंमलबजावणी, मग सवलत' हा हट्ट तेव्हापासूनचा आहे. तो मला पटतो. गंभीर गुन्हा केलेल्याला, अपील संपून अंतिम हुकूम झालेल्याला पाठवायला माझा विरोध नाही. अशा प्रकरणांत मी अशिलाला खोटी आशा दाखवत नाही.

पण मजुरी वाढेल, हा युक्तिवाद तपासून झालेला आहे. 1964 मध्ये ब्रासेरो योजना बंद केली ती याच आशेने. अर्थतज्ज्ञांनी नंतर राज्याराज्यांची तुलना केली, तर शेतमजुरी वाढल्याचं दिसलं नाही. मालकांनी टोमॅटो तोडायची यंत्रं आणली आणि जिथे यंत्र चालत नव्हतं तिथली पिकंच कमी केली. आज शेतात राबणाऱ्या मजुरांपैकी साधारण 40 टक्क्यांकडे कागद नाहीत. 2022 मध्ये कागद नसलेल्यांनी मिळून सुमारे 9,670 कोटी डॉलर कर भरल्याचा अंदाज आहे. त्यातली सोशल सिक्युरिटीची कपात त्यांना म्हातारपणी कधीच मिळणार नाही, ती तुमच्या-माझ्या पेन्शनीत जाते.

आपल्याकडच्यांनी 5 फेब्रुवारी 2025 हा दिवस विसरू नये. त्या दिवशी अमेरिकन लष्कराचं सी-17 विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायात साखळ्या. बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे, तिघे महाराष्ट्रातले. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी राज्यसभेत 2009 पासूनचा आकडा दिला: साडेपंधरा हजारांहून जास्त भारतीय. म्हणजे हे नवीन नाही, फक्त या वेळी कॅमेरे होते. जमीन विकून 'डंकी'च्या, म्हणजे चोरवाटेने नेणाऱ्या, एजंटाला लाखो रुपये दिलेली पोरं ती. एजंट अमृतसरला उतरला नाही.

मग तुमच्या रांगेचं काय? नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार, त्यात कुठल्याही एका देशाला सर्वसाधारणपणे 7 टक्क्यांची मर्यादा. तुमची तारीख या दोन आकड्यांनी अडवली आहे. उद्या सकाळी देशात एकही बिनकागदाचा माणूस उरला नाही, तरी तुमची तारीख एका दिवसाने पुढे सरकणार नाही. ते तुमच्या रांगेत कधी उभेच नव्हते, त्यांच्यासाठी रांगच नाही. एक जुनी खिडकी आहे, 'रजिस्ट्री' नावाची: ठरलेल्या तारखेआधीपासून सलग इथे राहणाऱ्या, चांगल्या वागणुकीच्या माणसाला ग्रीन कार्ड मागता येतं. ती तारीख पूर्वी वेळोवेळी पुढे सरकवायचे. 1986 मध्ये ती 1 जानेवारी 1972 केली आणि तिथेच गोठली. ती नुसती वीस-तीस वर्षं पुढे आणली तरी लाखो प्रकरणं कोर्टातून निघतील आणि न्यायाधीशांना खऱ्या गुन्हेगारांकडे बघायला वेळ मिळेल. मला विचाराल तर मी तिथून सुरुवात करेन.

आणि आता तुमच्या मुलीचं. ती सतरा वर्षांची आहे. एकविसाव्या वाढदिवसापर्यंत तुमची तारीख आली नाही, तर तिचा एच-4, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेला व्हिसा, संपेल. आधार म्हणून 'डाका' आठवत असेल, लहानपणी आणलेल्या बिनकागदाच्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरता आसरा देणारी योजना. पण ती तिला लागू नाही, कारण ती 2012 मध्येच इथे कायदेशीर दर्जाशिवाय असलेल्यांसाठी आहे. त्या दिवसानंतर दुसरा व्हिसा हातात नसताना ती इथेच राहिली, तर ज्या कोटभर लोकांबद्दल तुम्ही विचारलंत त्यांत तिचीही मोजणी होईल. तुमची नोकरी गेली तर फार तर साठ दिवसांची सवलत, आणि मुदतवाढीचा अर्ज नामंजूर होऊन मुदत उलटून गेली तर कोर्टाची नोटीस तुमच्याही नावाने निघू शकते. फेब्रुवारी 2025 पासून इमिग्रेशन खात्याचं धोरणच तसं आहे. तेव्हा ती एकोणीस वर्षांची व्हायच्या आत वकील गाठा, एफ-1 या विद्यार्थी व्हिसाची तयारी ठेवा, कायद्याने तिचं वय किती धरलं जाईल ते मोजून घ्या. आय-140 ची (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेल्या अर्जाची) मंजुरी, सगळ्या आय-94 च्या प्रती, जुने पासपोर्ट, शाळेचे दाखले एका फाइलीत लावा. जुना पासपोर्ट तर अजिबात फेकू नका.